प्रज्ञाचा मुलतानी आणि दाराबाहेर गेलेल्या ताई

खरं सांगू का, मला पुण्याला जायचंच नव्हतं. मी कचेरीत नोकरी करते, डिसेंबरात रजा मागितली की साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. शिवाय अकोल्यात हे हुरड्याचे दिवस. पण प्रज्ञाने, म्हणजे माझ्या अठरा वर्षांच्या पोरीने, युवा शास्त्रीय गायन स्पर्धेचा फॉर्म आधी भरला आणि मग मला सांगितलं. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

गेली तीन वर्षं ती पुण्याच्या कुमुदताईंकडे फोनवरून, व्हिडिओ कॉलवर, गाणं शिकते. आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सहाला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात फोन उभा करायचा आणि हिने खाली सतरंजीवर बसायचं, मान वर करून. ताईंना आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं. असं फोनवरून शिकण्यात एक गोम असते. दोघींना एकत्र गाता येत नाही. इकडचा सूर तिकडे पोचायला एक-दीड सेकंद जातो, मग सगळा गोंधळ. म्हणून ताई गाणार तेव्हा ही गप्प, ही गाणार तेव्हा ताई गप्प. एक ओळ म्हणायची, थांबायचं, वर बघायचं, 'हं' आलं की पुढची.

बारावी झाल्यावर प्रज्ञाने त्यांना विचारलं होतं, "ताई, मी गाणंच करू का? पूर्णवेळ?" ताई म्हणाल्या, "तुझा आवाज मी फोनमधून ऐकलाय. तेवढ्यावर कोणाचं आयुष्य ठरवत नसतात. समोर बसून गा, मग सांगते." झालं! बीएस्सीला नाव घातलं, पण पोरीचं लक्ष सगळं पुण्याकडे. या स्पर्धेला ताई परीक्षक आहेत असं कळलं आणि तिने फॉर्म भरला. बक्षीस-बिक्षीस तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ताईंनी समोर बसून ऐकावं आणि हो की नाही ते सांगावं, बस्स.

मला विचाराल तर ताई 'नाही' म्हणाल्या तर बरं, असं माझ्या मनात होतं. आई असून असं लिहायला लाज वाटते. पण स्वतःच्या ब्लॉगवर खोटं कशाला लिहू?

अकोल्याहून रात्री बसलं की गाडी सकाळी पुण्यात सोडते. तिकीट महिनाभर आधी काढा, नाहीतर ट्रॅव्हल्समध्ये कंबरडं मोडून घ्या. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने कोथरूडचा आकडा सांगितला तेव्हा मी त्याला नुसता नमस्कार केला. मेट्रो आहे हो आता, थेट वनाजपर्यंत, साध्या तिकिटात. खिडकीशी उभं राहा. गाडी नदीच्या कडेकडेने जाते तेव्हा खाली पाण्यावर धुकं होतं, पूल अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते. प्रज्ञा काचेला नाक लावून काहीतरी गुणगुणत होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ यायची, जायची. मी उगाच तिच्याकडे बघत राहिले आणि उतरायचं स्टेशन जवळजवळ चुकलंच.

बाहेरगावच्या मुलींची सोय कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात होती. गादी, उशी, दोन वेळचं जेवण. दाराशी टेबल टाकून एक चष्मेवाले काका बसलेले.

"आपण लवकर आलात," ते म्हणाले.

"गाडी वेळेवर आली हो."

"त्याला आमचा इलाज नाही. हॉल दहाला उघडतो."

बाप्पा! आमच्याकडे असं कोणी बोललं असतं तर चार शब्द ऐकूनच गेलं असतं. पण पाचच मिनिटांत याच काकांनी न विचारता दोन कप चहा आणून ठेवला आणि "साखर कमी आहे, मागू नका" असंही सांगितलं. पुण्याला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, इथे बोलणं ऐकायचं नाही, हात काय करताहेत ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती एका विचित्र आवाजाने. मोठ्या पातेल्यात काहीतरी मंद आचेवर रटरटत असावं तसा. डोळे उघडले तर हॉलभर पस्तीस-चाळीस मुली गाद्यांवर उठून बसलेल्या, कोणी शाल पांघरून, कोणी कानटोपी घालून, आणि सगळ्या खालचा सा लावत होत्या. खर्ज म्हणतात त्याला, पहाटे आवाज तापवायची रीत आहे. प्रत्येकीची पट्टी वेगळी, प्रत्येकीचे डोळे मिटलेले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. मला क्षणभर कळेना मी जागी आहे की झोपेत. आमच्या विहारात प्रज्ञा पाच वर्षांची असताना पहिल्यांदा वंदना म्हणाली होती, तेव्हा सगळी मोठी माणसं अशीच हलकेच तिच्यामागून म्हणत होती. किती तरी दिवसांनी ते आठवलं. मी पुन्हा उशीवर डोकं टेकलं आणि नुसती ऐकत पडून राहिले.

नाश्त्याला पोहे होते. गोड. मी पिशवीतून घरचा ठेचा काढला तर शेजारच्या कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या, "द्या जरा इकडं, देव भलं करंल तुमचं."

स्पर्धेची रीत अशी. आधी आपल्या पाच रागांची यादी द्यायची, त्यातला एक परीक्षक ऐन वेळी सांगणार. बारा मिनिटं. तबला आणि पेटी वाजवणारे संयोजकांचेच, त्यांची-आपली ओळख आत जाण्यापूर्वी पाच मिनिटं. आम्ही सकाळपासून कार्यालयाच्याच खालच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. एकामागून एक मुलं येत होती, तानपुऱ्याचा आवाज मध्ये कधी थांबतच नव्हता. दुपारी जेवून आल्यावर तर मी अर्धवट पेंगत, अर्धवट ऐकत होते. छतावरचे पंखे बंद होते, उन्हाचा एक पट्टा भिंतीवरून हळूहळू सरकत होता, आणि इतकी तरणी मुलं इतकं जुनं काहीतरी आपापल्या परीने म्हणत होती. मला बरंच काही कळत नव्हतं. पण असं वाटत होतं की बाहेर काहीही होवो, इथून उठू नये.

परीक्षकांच्या टेबलामागे तिघं. मधल्या त्या कुमुदताई. फोनवर उंच वाटायच्या, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. मोतिया रंगाची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. प्रज्ञा त्यांच्याकडे बघून हसली नाही, कारण निकालापर्यंत परीक्षकांशी बोलायचं नाही असं बजावलं होतं. पण माझा हात तिने इतका आवळला की बांगडी रुतली.

चारच्या सुमारास तिचं नाव पुकारलं. ती मंचावर जाऊन बसली. यादीवर नजर टाकून उजवीकडचे परीक्षक म्हणाले, "मुलतानी." आणि त्याच क्षणी कुमुदताईंनी पेन टेबलावर ठेवलं, चष्मा काढला, उठल्या, आणि मधल्या वाटेने चालत सरळ दाराबाहेर गेल्या. दाराशी बसलेल्या त्याच चष्मेवाल्या काकांनी दार लावून घेतलं.

मी शेजारच्या बाईंना विचारलं, "अहो, हे काय?"

"शिष्या असेल त्यांची. आपला शिष्य गायला बसला की परीक्षकानं बाहेर जायचं, असा नियम आहे इथं. फॉर्ममध्ये गुरूचं नाव लिहून घेतात ते त्यासाठीच."

प्रज्ञा मंचावरून त्या बंद दाराकडे बघत होती. ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आली, त्याच निघून गेल्या. पेटीवाल्याने हळूच सा दिला, पुन्हा दिला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

गायली हो. सूर छान लागला. पण एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मान वर, डावीकडे, जिथे आमच्या घरी कपाटाचा वरचा कप्पा असतो तिथे बघायची. सेकंद, दीड सेकंद. मग पुढची ओळ. हॉलमध्ये कोणाला काही कळेना. पेटीवाल्याला वाटलं पोरगी विसरली, तो बिचारा दर वेळी तिचीच ओळ वाजवून तिला आठवण करून द्यायचा. तबलजी भुवया उंचावून बघत होते. मला मात्र सगळं कळत होतं आणि मी तिथून काहीही करू शकत नव्हते. ती 'हं' येण्याची वाट बघत होती.

संध्याकाळी निकाल लागला. पहिल्या तिघांत नाव नव्हतं. प्रत्येकाला परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद मिळतो, तिच्या कागदावर लिहिलं होतं, 'स्वर सुरेल. प्रत्येक वाक्यानंतर थांबते. का?' प्रज्ञाने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आई, नंबराचं जाऊ दे. ताईंनी ऐकलंच नाही ना गं."

मी म्हटलं, "दाराशी उभं राहून ऐकलं असेल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अजिबात नाही. मी समोरच्या टपरीवर चहा प्यायले. दाराशी उभं राहून ऐकायचं असेल तर बाहेर कशाला जायचं?" कुमुदताई. प्रज्ञा पाया पडायला वाकली, तर म्हणाल्या, "ते राहू दे. उद्या सकाळी दहाला घरी या."

"ताई, नियम आधी सांगायचा होता," प्रज्ञा एवढंच बोलली.

"सांगितला असता तर आली असतीस?"

असं म्हणून ताई निघूनही गेल्या.

ताईंचं घर जवळच, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दारावर पाटी, 'आत गाणे चालू असल्यास बेल वाजवू नये. वाट पाहावी.' आत गाणं चालू होतं. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. कोणी तरी मुलगी आत शिकत होती, आणि तिच्या आवाजाखालून ताईंचा आवाज चालला होता, दोन्ही एकदम. प्रज्ञा तोंड उघडं टाकून ऐकत होती. खालच्या मजल्यावरून फोडणीचा वास येत होता, जिन्यात ऊन आलं होतं. अर्धा तास गेला असेल. मला वाटलं, गाणं संपूच नये, म्हणजे पुढचं काही ठरायलाच नको.

ती मुलगी गेल्यावर आम्ही आत गेलो. ताईंनी आधी शेऱ्याचा कागद मागितला. वाचला, बाजूला ठेवला. खरा, लाकडी तानपुरा मांडीशी घेतला आणि म्हणाल्या, "मुलतानी. म्हण माझ्याबरोबर."

त्या गायला लागल्या. प्रज्ञा गप्प. त्यांची ओळ संपली तेव्हा हिने सुरू केलं.

"बरोबर म्हटलं मी. नंतर नव्हे."

पुन्हा तेच. पोरगी तोंड उघडायची आणि आवाजच फुटायचा नाही. तिसऱ्यांदा ताईंनी तानपुरा खाली ठेवला.

मला म्हणाल्या, "अहो, हिला थांबायला मी शिकवलंय. तीन वर्षं. तो कागद हिचा नाही, माझा आहे."

मग त्यांनी प्रज्ञाला अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि नुसता सा लावला. बराच वेळ एकटाच सा चालला. मग कधी तरी प्रज्ञाचा त्यात आला. कुठून आला मला कळलंच नाही, एवढंच कळलं की आता खोलीत दोन आवाज आहेत. प्रज्ञाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि सूर मात्र हलत नव्हता. मीही रडले. कशाला लपवू?

"आवाज फोनवर वाटला त्याहून बारीक आहे," ताई शेवटी म्हणाल्या. "पण लांब जातो. गाऊ दे हिला."

म्हणजे 'हो'. माझ्या छातीवर कोणी तरी धोंडा ठेवावा तसं झालं, आणि त्याच वेळी अभिमानही वाटला.

"पण थांबायची सवय फोनवरून जाणार नाही. ती फोनमुळेच लागलीय. हिला इथे ठेवून जा. माझ्याकडे खोली आहे, आजपासूनच राहू दे. परीक्षेला येईल ती अकोल्याला."

प्रज्ञाचे बाबा एसटीत कंडक्टर आहेत. फोन लावला तेव्हा गाडी मेहकरच्या स्टँडवर होती, मागे नुसता कल्ला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरीले इचारलं का?"

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तानपुऱ्याच्या तारांवरून बोट फिरवत होती, अगदी हळू, आवाज न करता. आता काय विचारायचं होतं?

परतीच्या गाडीत समोरच्या बाकाशी एक आजोबा आले आणि विचारलं, "इथं कोणी आहे का?" मी सवयीने "हो, मुलगी आहे" म्हणून गेले. मग म्हटलं, "नाही, बसा."

आता अकोल्यात येऊन नऊ दिवस झाले. कचेरी, स्वयंपाक, सगळं नेहमीसारखं चाललंय. संध्याकाळी सहा वाजले की यांनाही घरात करमत नाही, उगाच भाजी आणायला जातात आणि तीच भाजी पुन्हा आणतात. परवा प्रज्ञाचा फोन आला होता. आठ दिवसांत ताईंनी फक्त सा म्हणून घेतला म्हणे, आणि ती इतकी खुशीत होती की मी 'जेवलीस का' विचारायचंही विसरले.

पुण्याला अशा स्पर्धेला नेणार असाल तर जरूर जा. शाल न्या, ठेचा न्या, काकांचं बोलणं मनावर घेऊ नका. आणि एक, पोरगी खरोखर गात असेल तर परतीचं तिकीट एकटीचंच काढा. मी दोघींचं काढलं होतं.