गालिच्याच्या पोटातली ओल

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये भिकुबाईचा गालिचे धुण्याचा कारखाना आहे. कारखाना हा तिचा शब्द. एक मशीन, पाण्याचा हौद, वाळत घालायला लोखंडी पाइप आणि जमिनीवर ठेवायचे मोठे पंखे, एवढाच पसारा. पण कोणी त्याला दुकान म्हटलेलं तिला खपत नाही.

धुणं काय, कोणालाही जमतं, असं ती आल्यागेल्याला ऐकवते. खरं काम वाळवण्याचं. अर्धं आयुष्य तिने पथारीवर मिरची उलथीपालथी करण्यात घालवलंय. वरून कोरडी दिसणारी मिरची पोत्यात भरली की आतून पांढरी बुरशी कशी धरते, हे तिने तिथे पाहिलं. मिरचीचं बरं असतं, वाळली की हलवल्यावर आतल्या बिया वाजतात. गालिचा मुका. म्हणून बाईने स्वतःची रीत काढली. दुपारचं जेवण झालं की पाइपवरचा गालिचा खाली अंथरायचा, पदर तोंडावर ओढायचा आणि खुशाल उताणं पडायचं. पाठीला जरा गार लागलं की गालिचा पुन्हा पाइपवर. शेजारचे म्हणतात, भिकुबाईने झोपेचा धंदा काढलाय. तीही हसते आणि कूस बदलून दुसरी बाजू तपासते.

दिवाळीनंतर नवापूरकडच्या डोंगरातल्या एका गावाहून रिबेका गालिचा घेऊन तिच्याकडे आली. गावातल्या प्रार्थनामंदिराची झाडलोट आणि सगळी व्यवस्था रिबेका बघते. तिथे बाकं नाहीत, सगळे खाली गालिच्यावर बसतात. मागच्या वर्षी तो गालिचा दुसरीकडे धुवायला दिला होता. तिथून तो ओलसरच गुंडाळून आला, तसाच अंथरला आणि बघता बघता कुबट वास मारू लागला. त्या वासाने दम्याच्या ठकुबाईची पार दैना केली. ही म्हातारी पहिल्या रांगेत बसून गाणी उचलायची, आणि तिने सूर धरल्याशिवाय बाकीच्यांना गाणं सापडायचं नाही. वर्षभर ती बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून ऐकत होती. यंदा नाताळाला तिला आत बसवायचं, एवढंच रिबेकाचं मागणं होतं. भिकुबाईने छाती ठोकून शब्द दिला. आभाळाला विचारायचं राहून गेलं.

गालिचा धुऊन पाइपवर पडला तोच डिसेंबरात आभाळ दाटून आलं ते हटेना. पथारीवाले ताडपत्र्या घेऊन धावले. भिकुबाईने पंखे लावले, गालिचा उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मधेच लाइट जायची आणि ती लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नाताळच्या आदल्या दिवशी ठकुबाईचा मुलगा हेमराज टेम्पो घेऊन दारात हजर झाला. त्याने गालिच्यावरून हात फिरवला, नाक लावून हुंगला आणि खूश झाला. काम एकदम झकास, असं म्हणून त्याने दोर काढला.

भिकुबाई मात्र गालिच्यावर आडवी झाली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहिली. पाठीला गार लागत होतं. हे जगात फक्त तिच्या पाठीला ठाऊक होतं. ती गप्प राहिली असती तर नाताळ छान पार पडला असता, दिलेला शब्दही पाळल्यासारखा झाला असता. वास यायला अजून अवकाश होता. मोह तिलाही झाला, खोटं कशाला बोला. मग ती उठून बसली.

"भाऊ, वरथून सुकेल शे, पोटमा ओल शे. मन्ही पाठ खोटं बोलत नही."

हेमराज चिडला, आणि त्याचं चिडणं चुकीचं नव्हतं. आईने नवी साडी काढून ठेवली होती, सकाळपासून गालिचा आला का म्हणून विचारत होती. आता तिला काय सांगायचं, असं त्याने विचारलं. शब्द देताना चुकलं ते माझंच, असं भिकुबाई सरळ बोलली. एरवी तिच्या तोंडून हे ऐकायला नशीब लागतं.

"गालिचा तुमना शे, लई जा," ती म्हणाली. "पन गुंडायानं नही, आनि मी बी येस संगे."

टेम्पोत बांबू आडवे बांधून, त्यावर गालिचा टाकून, वरून ताडपत्री ओढून आणि पंखे मांडीशी धरून बाई नवापूरच्या डोंगरात पोचली. मंदिरात शिरल्या शिरल्या तिने समोरासमोरच्या खिडक्या उघडायला लावल्या आणि खाटा मागवल्या. गालिचा जमिनीला टेकला की खालची ओल अडकते, त्याला दोन्ही अंगांनी वारा हवा. पहिली खाट हेमराजने आणली, त्याच्या आईची. मग घराघरांतून खाटा निघाल्या. त्या रात्री अख्खं गाव जमिनीवर झोपलं आणि गालिचा खाटांवर.

सकाळी भिकुबाईने पाठ टेकून निकाल दिला. पुढचा अर्धा वाळलाय, तेवढाच खाली घाला. मागचा खाटांवरच राहू द्या. सणासुदीला मंदिरात खाटा बघून उपदेश करायला आलेले पाळकसाहेब हसले, पण कोणी हलवल्या नाहीत. बायका-मुलं पुढे दाटीवाटीने बसली, पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले.

ठकुबाई हेमराजच्या हाताला धरून आली. दारात थांबली, हवा हुंगली, मग चप्पल काढून थेट तिच्या जुन्या जागी जाऊन बसली. उपदेश काय झाला ते भिकुबाईला विचारू नका. ती मागे पंख्याजवळ उभी राहून सगळा वेळ एका म्हातारीचा श्वास ऐकत होती.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्याला ठकुबाई खोकली. गाणं थांबलं. रिबेकाने मान वळवून भिकुबाईकडे पाहिलं. 

म्हातारीने घसा साफ केला. सगळे गप्प का झाले म्हणून तिने आजूबाजूला रागाने पाहिलं, आणि पुढचं कडवं एवढ्या खणखणीत आवाजात उचललं की बाकीच्यांना मागून धावावं लागलं. गाणं डोंगरातल्या बोलीत होतं, भिकुबाईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती तिथे उभी राहून रडली, आणि रडता रडताच तिने पंख्याचं तोंड मागच्या अर्ध्याकडे वळवलं.