नापासाचा शिक्का

गाड्यांच्या दारांसाठी ॲल्युमिनियमचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात ती पत्र्यांचा टणकपणा तपासायची. अठरा वर्षं तेच काम. सगळे तिला ताई म्हणत. तिचा नवरा तिथेच भट्टीवर होता. भट्टीतून काढलेले पत्रे त्याने काही सेकंदांत पाण्यात बुडवायचे, मग ते दुसऱ्या, मंद भट्टीत आठ तास राहायचे. तिथे पत्रा हळूहळू टणक होतो. पण पाण्याला उशीर झाला, तर पुढे कितीही तापवा, तो मऊच राहतो.

त्या सोमवारी सलग दुसऱ्या पाळीत नवऱ्याचा डोळा लागला आणि पत्रे मिनिटभर हवेतच लटकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते तिच्याकडे आले, तेव्हा आकडा कमी भरला. तिने तीनदा तपासून पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत तो तिच्यापाशी आला. "दिसायला काही फरक नाही. पास करून टाक."

"आणि उद्या ते दार कुणाच्या अंगावर चेपलं तर?"

"माझी नोकरी जाईल गं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिने नापासाचा शिक्का मारला.

आठवड्याभरात त्याला काढलं. दुसरी पाळी त्याच्या गळ्यात कुणी मारली, हे कुणीच विचारलं नाही. घरी तो भांडला नाही. त्याने बोलणंच टाकलं. सकाळी तिचा डबा मात्र तोच भरतो. ती तो एकटीच खाते, कारण साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिल्यापासून तिच्या टेबलाशी कुणी बसत नाही.