ट्रेलरची खीळ

आमची घोडी टेम्पोत चढेना, सगळं तिथून सुरू झालं. पुढच्या डाव्या गुडघ्यावर नारळाएवढी गाठ, आणि टेम्पोचा फाळका तिच्या छातीइतका उंच. बीदरला जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशनचा दिवस ठरला होता. तो चुकला तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढ्या विकल्या तेव्हाही ही घोडी ठेवली होती. कितीतरी वर्षं आमचं बिऱ्हाड तिच्याच पाठीवर फिरलं. तिला काही झालं तर अप्पा अन्नाला शिवणार नाहीत, या भीतीने मला झोप येत नव्हती.

शेवटी घरच्या व्हॅनला बुटका ट्रेलर जोडायचं मी ठरवलं. हुमनाबादला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक मिस्त्री होता. ट्रेलरला ब्रेक हवेत म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने आजवर एकाही ट्रॉलीला ब्रेक लावले नव्हते. पण घोडी आणि ट्रेलर मिळून वजन जवळजवळ व्हॅनइतकं होणार होतं. मी हट्ट सोडला नाही. त्याने भंगारातल्या गाडीची चाकं ब्रेकसकट आणली, व्हॅनच्या चासीला खालून जाड पट्टी लावून हूक बसवला. व्हॅन थांबू लागली की ट्रेलर मागून रेटणार, त्या रेट्याने जोडाचा दांडा दबणार आणि ट्रेलरचे ब्रेक लागणार. रिव्हर्स घेतानाही तोच दांडा दबून चाकं जाम होतात, म्हणून तेवढ्यापुरती त्यात एक खीळ घालायची.

"अक्का, म्होरं निघताना खीळ काडा," तो म्हणाला. "आत ऱ्हायली तर बिरीक लागायचाच न्हाई."

मी नववीला जडत्व शिकवते. हा मला काय शिकवतो, असं मनात म्हणत मी मान डोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घोडी चढवायला ट्रेलर रिव्हर्स घेऊन गोठ्याच्या दाराशी लावला. त्यासाठी खीळ घातली. घोडी आत गेली, पाय आपटू लागली, अप्पा तिला चुचकारू लागले. उशीर होत होता. मी निघाले.

बीदरच्या अलीकडे उतारावर उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा वळला. मी ब्रेक दाबला, पण व्हॅन थांबेना. ट्रेलर मागून ढकलतच होता. कशीबशी कडेच्या मुरमात घातली तेव्हा थांबली. मागे दणका झाला. घोडी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली होती. अप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. खीळ दांड्यातच होती. एवढं एकच काम होतं माझं, आणि मी तेवढंही केलं नव्हतं.

तिला तशीच दवाखान्यात नेली. हाड मोडलंय, आता काही करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी इंजेक्शन देऊन त्यांनी तिला सोडवलं.

रिकामा ट्रेलर घेऊन परत निघालो. अप्पांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. गोठ्याशी ट्रेलर मागे घ्यायचा होता, तर माझ्याआधी तेच उतरले आणि त्यांनी खीळ घातली. ट्रेलर लावून झाल्यावर मी घाईघाईने ती काढायला गेले. अप्पांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बाई," ते म्हणाले. "आता आत ऱ्हायली तरी चालतंय."