ओस्मुंडचं बोट

आमच्या दरीत फिडल हातात घेतलं की आधी नाव घ्यायचं. ही धून अमक्याची, मला तमकीकडून मिळाली. मगच गज तारेला लावायचा. न सांगता वाजवलं तर म्हातारे तोंडावर विचारतात, "कुठून उचललीस?"

ग्यूरो माझी शेजारीण. सत्तरीची, बकऱ्या पाळणारी, जिभेची तिखट. तिच्या बापाची, ओस्मुंडची, डावी करंगळी लाकडाच्या गिरणीत करवतीखाली गेली. तेव्हापासून वरातीच्या धुनेत करंगळीचा सूर आला की तो क्षणभर थांबायचा, खालच्या सुरावर दोनदा गज मारायचा आणि पुढे जायचा. ग्यूरोची दहाही बोटं शाबूत, पण तीही तिथे तशीच थांबायची. म्हणायची, "तेवढ्यात बाबा येऊन जातो." ओस्मुंडचं ध्वनिमुद्रण नाही, धड फोटोही नाही. होतं ते एवढंच.

तिला मूलबाळ नाही. गावातल्याच सिग्नीला तिने लहानपणापासून नऊ हिवाळे फिडल शिकवलं, एकाच अटीवर: वाजवशील तिथे ओस्मुंडचं नाव घे. सिग्नी पुढे ओस्लोला गेली. तिथे राजेरजवाड्यांच्या दरबारातलं जुनं संगीत आणि आमच्या धुना एकत्र वाजवणाऱ्या मंडळींत तिचं बस्तान बसलं.

यंदा ऑगस्टमध्ये त्यांचा कार्यक्रम आमच्याच चर्चमध्ये झाला. ग्यूरो चांदीच्या गुंड्यांचा ठेवणीतला पोशाख घालून पहिल्या बाकावर बसली. मला कोपर मारून म्हणाली, "बाबाचं नाव निघेल आता. कान उघडे ठेव."

सिग्नी उभी राहिली. "ही वरातीची धून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितातली. मधला विराम नीट ऐका. त्या काळच्या दरबारी अलंकाराचा हा दुर्मीळ नमुना आहे."

वाजवली सुरेख, खोटं कशाला बोलू? त्या जागी थांबली, दोनदा गज मारला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझं डोकंच फिरलं. ग्यूरोचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर सिग्नी धावत आली. "मावशी, रागावलीस? अगं, धून खरंच हस्तलिखितात आहे."

"आणि तो थांबा?"

सिग्नीने मान खाली घातली. "तो नाही."

"मग तो कुणाचा?"

"ओस्मुंडचा. पण मावशी, गिरणीतल्या तुटक्या बोटाची गोष्ट आमच्या लोकांना... बरी वाटली नसती."

"तुझ्या लोकांना," ग्यूरो म्हणाली. "आणि तू कुणाची गं?"

उत्तराची वाट न बघता ती चालू लागली.

सप्टेंबरात गावात लग्न होतं. वरातीपुढे नेहमीसारखी ग्यूरो. नवरीचा भाऊ ओरडला, "ग्यूरो, ते सिग्नीचं दरबारी वळण घ्यायचं हं!"

"ही धून ओस्मुंडची," ती मोठ्याने म्हणाली आणि वाजवू लागली. ती जागा आली. ग्यूरो थांबली नाही. करंगळी टेकवून तिने सूर पुरा वाजवला. चाळीस वर्षांत तो सूर मी पहिल्यांदाच ऐकला.

घरी परतताना तिने एवढंच सांगितलं, "आज बाबा आला नाही."