नाव काय लिहू?

आमच्या नागकार्लान गावात दोरोचा हात न लागलेलं डोकं शोधून सापडणार नाही. नवरदेवांची, नवऱ्या मुलींची, मे महिन्यातल्या मिरवणुकीत राणी होणाऱ्या पोरींची, आणि शेवटी पेटीत झोपलेल्यांचीही. इसिदोरो सुमागे हे त्याचं पूर्ण नाव फक्त पार्लरच्या परवान्यावर आहे. मी पिनोंग. त्याच पार्लरमध्ये नखं रंगवतो आणि एकोणीस वर्षं त्याच्याशी भांडतो. तेव्हा मी त्याच्याबद्दल सांगेन ते खरं धरायला हरकत नाही. कुणाची स्तुती करायची मला सवय नाही.

आम्ही दोघेही बाक्ला, म्हणजे पुरुषांत जीव अडकणारे पुरुष. गावाला त्याचं नवल नाही. गाव आमच्याकडून केस कापून घेतं, आमच्यावर हसतं आणि लग्नाला जेवायलाही बोलावतं. दोरोचा जीव तेबानमध्ये अडकला होता. तेबान तीनचाकी चालवायचा. उंच, आळशी, गोड बोलणारा. त्याला बायको होती, चोलेंग, आणि तीन मुलं. दुपारी तो पार्लरमागच्या खोलीत दोरोबरोबर असायचा, रात्री घरी. बावीस वर्षं हे असंच चाललं. थोरल्या एदिताच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून दोरोच उभा राहिला, तेव्हापासून चोलेंग त्याला 'पारे' म्हणे आणि तो तिला 'मारे'; मुलाचे आईबाप आणि धर्मपिता एकमेकांना म्हणतात तसं. तिला सगळं ठाऊक होतं. झाकली मूठ होती, आणि ती तिघांनी मिळून झाकली होती.

माझं वेड सिनेमाच्या बक्षिसांचं. मी मनिलातल्या एका नटीच्या चाहतामंडळात आहे, त्यामुळे दरवर्षी सोहळ्याला वरच्या मजल्यावरची जागा मिळते. इतकी वर्षं पाहून माझं एक मत झालंय. बाक्लाला बक्षीस मिळत नाही, बाक्ला होऊन दाखवणाऱ्याला मिळतं. सिनेमातला बाक्ला एक तर कुणाचं तरी पोर वाढवतो नाहीतर मरतो, आणि दोन्ही केलं तर बक्षिसाचा पुतळा नक्की. एका वर्षी एका नटीला बाईवर प्रेम करणाऱ्या बसवाहक बाईच्या भूमिकेसाठी मिळालं. सिनेमात बारीक कापलेले केस, रांगडी चाल. बक्षीस घ्यायला आली ती कमरेपर्यंत केस सोडून, नवऱ्याच्या दंडाला धरून. माझ्या शेजारी दोघीजणी बसल्या होत्या, एकत्र संसार करणाऱ्या, अगदी खऱ्या. त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. काय करणार? आपल्या पानात वाढत नसतील तर माणूस निदान पंगत बघायला जातो.

तर लेआंद्रो मोन्तेसा हा नट आमच्या पार्लरमध्ये तीन आठवडे राहायला आला, तेव्हा मला आकाश ठेंगणं व्हायचंच बाकी राहिलं होतं. त्याला म्हातारा होत चाललेल्या केशकर्तनकार बाक्लाची भूमिका करायची होती. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोरोला बघायचा. कात्री कशी धरतो, हसताना तोंडावर हात कसा नेतो, गिऱ्हाईक गेल्यावर पाय कसे सोडून बसतो.

"दोरो, बये," मी म्हणायचो, "जरा कमरेत लचक. तो फुकट आला नाही इथे."

"मी असाच चालतो गं. त्याला लचक हवी असेल तर तुझ्याकडे बघू दे."

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तेबान बाजाराच्या चढावर तीनचाकीच्या मुठीवर डोकं ठेवून मेला. लोकांना वाटलं झोपलाय. मागून दोन माणसांनी शिव्याही घातल्या.

त्याला सजवायचं काम कुणाकडे येणार, हे ठरलेलंच होतं. दोरोने दोन तास घेतले. दाढी केली, भुवया नीट केल्या, गालाला रंग दिला. आमच्याकडे मेलेल्याच्या पेटीवर आसू पडू द्यायचा नसतो, त्याचं पाऊल जड होतं म्हणतात. दोरोने एक थेंब पडू दिला नाही. मग घरच्यांनी काळे कपडे घातले, पेटीजवळच्या खुर्च्यांवर बसले, आणि दोरो मागे अंगणात, रात्र जागवायला पत्ते खेळणाऱ्या शेजाऱ्यांत जाऊन बसला. पुरेपर्यंतचे पाच दिवस तो तिथे होता. कुणी येऊन त्याला "वाईट झालं" म्हटलं नाही. मी तरी कुठे म्हटलं? त्याच्याकडे बघून असं वाटायचं की आत दिवाच नाही, मग दार कशाला वाजवा.

लेआंद्रो सगळे दिवस माझ्या शेजारी होता. पुरल्यानंतर त्याने पार्लरमध्ये दोरोचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच रडला.

"हे मी सिनेमात घेऊ का?"

"घे," दोरो म्हणाला. कुणी जुना शर्ट मागितल्यासारखं.

"मला कधी ह्यासाठी बक्षीस मिळालं ना, तर मी तुम्हा दोघांची नावं घेईन. तिथे उभा राहून. आईची शपथ."

 त्यानंतर वर्षभरात दोरोने स्वतःहून विचारलेली गोष्ट एकच: "त्या सोहळ्याची तारीख कधी असते रे?" तेव्हा मला कळलं, तो कशावर जगतोय. देवळात त्याचं नाव घेतलं नव्हतं, थडग्याच्या दगडावर नव्हतं, नवव्या दिवसाच्या प्रार्थनेत नव्हतं. कुठेतरी कुणीतरी 'इसिदोरो आणि तेबान' असं एका दमात म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

सिनेमा आला. आम्ही सान पाब्लोला जाऊन पाहिला. चाल हुबेहूब, तोंडावरचा हात हुबेहूब. फक्त एका ठिकाणी लेआंद्रो पेटीवर कोसळून हंबरडा फोडतो, आणि पेटीच्या झाकणाची काच ओली होते. सगळं थिएटर हुंदके देत होतं. दोरो माझ्या कानाशी म्हणाला, "काचेवर पडले." एवढंच. आणि शेंगदाणे खात राहिला.

मग लेआंद्रोचं नाव बक्षिसाच्या यादीत आलं, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून त्याने दिलेला शब्द मी मासळीबाजारभर सांगितला. दुसऱ्याच दिवशी चोलेंग पार्लरमध्ये.

"पारे, खरं का हे?"

"काय?"

"तो नट टीव्हीवरून तेबानचं नाव घेणार?"

"म्हणाला होता."

ती खुर्चीत बसली. अजून काळ्यातच होती. "एदिताचं ठरतंय. लिपा शहरातली माणसं आहेत. सासू शाळेची मुख्याध्यापिका. त्यांना यातलं काही ठाऊक नाही."

"गावात सगळ्यांना ठाऊक आहे," मी मध्येच तोंड घातलं.

"तू गप रे, भोंग्या! ठाऊक असणं वेगळं आणि माईकवरून ऐकणं वेगळं." मग दोरोकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, पारे. अडवलंही नाही. एवढं सांग त्याला. नको म्हणावं."

दोरो कंगव्यातले केस काढत होता. सगळे काढून झाले तरी काढत होता. "बघतो," म्हणाला.

मी चाहतामंडळातून दोन जागा मिळवल्या. मनिलाच्या बसमध्ये त्याला तीनदा विचारलं, "सांगणार आहेस का त्याला?" तो खिडकीबाहेर नारळ बघत बसला. माझा राग घडीत चोलेंगवर होता, घडीत त्याच्यावर, मध्येच माझ्या जिभेवर.

नाट्यगृहाच्या बाजूच्या दारापाशी दोर बांधला होता. पलीकडून तारे जातात, अलीकडे आम्ही ओरडतो. मी कोपरं मारून दोरोला दोराला चिकटून उभं केलं. लेआंद्रो आला. पांढरा कोट, बायको बरोबर, मागे दिवे. लोक कागद पुढे करत होते, तो सह्या करत येत होता. दोरोच्या हातात माझ्याच वहीचं पान होतं, मी कोंबलेलं.

"लेआंद्रो," दोरो म्हणाला.

त्याने पान घेतलं. मान वर न करता, पेन टेकवून, गोड आवाजात विचारलं, "नाव काय लिहू?"

मी तोंड उघडलं होतं. ओरडणारच होतो, अरे गाढवा, वर बघ. पण दोरोने माझं मनगट दाबलं.

"तेबान," तो म्हणाला.

लेआंद्रोने लिहिलं: 'प्रिय तेबान, खूप प्रेम.' पान परत दिलं, पुढच्या बाईचं घेतलं. हात थांबला नाही. एक क्षणही नाही.

वरच्या मजल्यावर आम्ही आमच्या जागी बसलो. मला वाटत होतं, अजून घेईल. गडबडीत होता, वर गेला की आठवेल. त्याला बक्षीस मिळालं. त्याने पुतळा उंच धरला, बायकोचे आभार मानले, दिग्दर्शकाचे, देवाचे. मग म्हणाला, "ही भूमिका अवघड होती. कारण मी पुरुष आहे. विश्वास नसेल तर हिला विचारा!" अख्खं नाट्यगृह हसलं. पहिल्या रांगेत बसलेले बाक्लाही हसले. "आणि देशभरातल्या माझ्या पार्लरवाल्या बहिणींनो, हे तुमचंसुद्धा!" संगीत वाजलं. संपलं.

मी शिव्या दिल्या, सगळ्या, मला येतात तेवढ्या. दोरो म्हणाला, "चल, बस चुकेल."

मंगळवारी दहा वाजता चोलेंग आली. मी एका गिऱ्हाइकाची नखं करत होतो, दोरो रंग कालवत होता.

"मेला!" ती दारातूनच कडाडली. "तुझी चाल घेतली, तुझा हात घेतला, माझ्या नवऱ्याचं मरण घेतलं. आणि दोन नावं घेताना जीभ झडली त्याची?"

"मारे, तुलाच तर नको होतं."

"मला नको होतं! रात्रभर जपमाळ ओढली मी, की घेऊ नये म्हणून. पण म्हणून त्याने विसरायचं? बावीस वर्षं म्हणजे काय, रस्त्यात पडलेली चप्पल आहे?" ती रडायला लागली. उभ्याउभ्या, पर्स पोटाशी घट्ट धरून. "त्याने नाही घेतलं, आणि मला वाटलं तेबान परत एकदा मेला. आणि ह्या वेळी मीच मारला."

दोरोने वाटी खाली ठेवली.

"तो विसरला नव्हता," तो म्हणाला. "दारात भेटला मला. लांबून ओळखलं. मिठी मारली. म्हणाला, आज घेतोय तुमची नावं. मीच म्हटलं, नको. एदिताचं लग्न आहे."

माझा ब्रश नखावरून सरळ गिऱ्हाइकाच्या बोटावर गेला. मी दोरोकडे बघितलं. चेहरा तसाच, पुसलेल्या पाटीचा. खोटं बोलणारा माणूस निदान डोळे तरी हलवतो.

"तू सांगितलंस?" चोलेंग म्हणाली. "माझ्यासाठी?"

"हं. बस. पांढरे झालेत पुढचे. रविवारी वर्ष भरतंय ना त्याचं?"

ती बसली. त्याने तिचे केस रंगवले. मी तोंड शिवून बसलो, आणि ते टाके अजून उसवलेले नाहीत.

रविवारी तेबानच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. त्या दिवशी घरचे काळे उतरवतात, रंगीत कपडे घालतात. दोरो नेहमीप्रमाणे देवळात मागे, माझ्यापाशी. चोलेंग पिवळ्या झग्यात मधल्या वाटेने मागे आली, सगळं देऊळ बघत असताना, आणि त्याच्या बाहीला धरून त्याला पहिल्या बाकावर घेऊन गेली. एदिता सरकली. तो बसला. पाद्रीबाबा क्षणभर पान चुकले.

नंतर घरी जेवणं. पान्सित नूडल्सच्या मोठ्या पराती, चिकट भात, कॉफी. लिपाची मुख्याध्यापिका आली होती, ताठ मानेची, चष्मा साखळीला लावलेला. तिने बशी हातात घेऊन दोरोकडे बोट केलं. "आणि हे कोण? आप्त दिसतात."

अंगणात एकदम चमच्यांचा आवाज थांबला. गाव ते गावच. एदिताचा चेहरा पांढराफटक. मी देवाची करुणा भाकली, आणि माझं नि देवाचं फारसं बोलणं नसतं.

चोलेंगने परातीतला चमचा खाली ठेवला.

"हा इसिदोरो," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने लग्न माझ्याशी केलं आणि जीव ह्याला लावला. इसिदोरो आणि तेबान. गेल्या वर्षी विधवा झालो ते आम्ही दोघं." मग तिने विहिणीच्या बशीत आणखी वाढलं. "घ्या ना. थंड झालं की चिकटतं."

मुख्याध्यापिकेने बशीकडे पाहिलं, चोलेंगकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर चढवून म्हणाली, "लिंबू आहे का?"

दोरो तिथेच, चार पावलांवर होता. मी त्याच्याकडे बघितलं.  तो कॉफीत साखर ढवळत होता.

आम्ही पायी परत निघालो. देऊळ गेलं, बाजाराचा चढ आला. तिथे तो थांबला.

"चोलेंग काय म्हणाली?"

"ऐकलंस की तू."

"ऐकलं. तू सांग."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. समोरून एक तीनचाकी आली, भोंगा वाजवून गेली. दोरो रस्त्याच्या कडेला बसला, धुतलेल्या पॅन्टनिशी, धुळीत.

"परत सांग," तो म्हणाला.