उशिरा पोचलेलं ‘नाही’

दुभाषीबाई घरी बसून, हेडफोन लावून, इस्पितळातल्या परभाषेच्या पेशंटचं बोलणं डॉक्टरांना समजावायच्या. जीभ कधी अडखळली नाही. पण गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, “चक्कर येते?” बाईंनी पेशंटला विचारून “नाही” म्हटलं. ते इंटरनेटच्या लाईनवर वाटेतच रेंगाळलं. डॉक्टर घाईतले, पुढचं विचारून मोकळे, “औषधाची ॲलर्जी?” त्यावर ते मघाचं “नाही” नेमकं जाऊन बसलं. ॲलर्जी होती. नर्सनं जुने कागद पाहिले म्हणून निभावलं. इस्पितळानं बजावलं, सोमवारपर्यंत लाईन सुधारा, नाहीतर काम बंद.

लाईनमन आला. “ताई, सगळ्या इमारतीला फायबर एकच. नेटवरून खाली येतं ते सगळ्यांना एकदम येतं. घरातून नेटवर पाठवायचं तर ज्यानं त्यानं नंबर लागेपर्यंत थांबायचं. वरच्या मजल्यावरचे दिवसभर व्हिडिओ चढवतात, मग रांग तुंबते. तुमच्या आवाजाला राखीव नंबर देता येतो, पण ते आमच्या कंपनीच्या ऑफिसच्या हातात.”

ऑफिसातल्या साहेबांनी स्क्रीन दाखवला. “स्पीड तर झकास आहे.”

“बस झकास धावते हो. ती येईपर्यंत स्टॉपवर ताटकळतं कोण?”

साहेब म्हणाले, उद्या या. पण बाईंनी एकदा धरलं की सोडणं नाही. खुर्ची ओढून त्या तिथंच बसल्या. घरच्या लाईनवर नवऱ्याला गाठलं आणि मोबाईलचा स्पीकर लावून साहेबांपुढे सरकवला.

“समजा, तुम्ही डॉक्टर. काहीही विचारा, पण घाईत विचारा.”

“जेवलात का?” साहेब म्हणाले. पलीकडे चिडीचूप. साहेबांना गंमत सुचली. “बायकोशी भांडता का?”

“हो, पोटभर.”

अख्खा काउंटर खो खो हसला. मागाहून आलेलं “छे हो” कुणी ऐकलंच नाही. बाई हसल्या नाहीत.

“तुम्हाला हसू आलं. माझ्या पेशंटचा जीव जाणार होता,” त्या म्हणाल्या आणि ॲलर्जीचं सगळं सांगितलं. “राखीव नंबर मिळाल्याशिवाय मी उठत नाही.”

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून मुख्य ऑफिसला लावला. पलीकडचा नियम सांगत होता, पण आता साहेबच हट्टाला पेटले होते. बऱ्याच हुज्जतीनंतर काम झालं.

“विचारा आता,” बाई म्हणाल्या.

“जेवलात का?”

“अहो, पोटभर म्हटलं ना मघाशी!”

प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर हजर. आठवडाभर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या बाई सगळ्यांदेखत रडल्या.