देओलिंडाच्या फोनातली माता

पिरायू गावात चिपा, म्हणजे चीजचे पाव, भाजून विकणाऱ्या बायका पुष्कळ. पण देओलिंडाच्या चिपात चीज सढळ असे आणि तिच्या जिभेला हाड नसे, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हींसाठी तिच्याकडेच यायचं. नवरा कास्तोरिनो राजधानी असुन्सिओनच्या बसवर ड्रायव्हर होता. लिहायचा त्याला भारी कंटाळा. जिथे गाडी थांबेल तिथून तो फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवायचा. दोन वर्षांपूर्वी तो छातीत कळ येऊन गेला. त्याचे निरोप तिच्या फोनात राहिले. ते ऐकायची तिला हिंमत होत नव्हती, पण ते आहेत एवढ्यावर तिचं चाललं होतं.

आता त्या फोनची बॅटरी फुगून पाठ उचकटली होती. माद्रिदमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या लेकीने, निमियाने, आपला वापरलेला आयफोन कुणाबरोबर तरी पाठवला. देओलिंडा दोन्ही फोन घेऊन कोपऱ्यावरच्या विल्फ्रिदोच्या दुकानात गेली.

"मावशी, हा अँड्रॉइड, तो आयफोन. दोघांची जात वेगळी," विल्फ्रिदो म्हणाला. "चॅट जाईल, पण सगळं एका गाठोड्यात. आणि नव्यात जागा कमी आहे. काहीतरी पुसावं लागेल."

"काय?"

"हे बघा. रोझरीच्या, जपमाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी काकुपेच्या चर्चमधल्या मातेची चित्रं, फुलं, मेणबत्त्या. सगळी जागा यांनीच खाल्लीय."

"मातेला पुसू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिचंही खरं होतं. त्या गावात देवाचं चित्र फाटलं तरी कुणी कचऱ्यात टाकत नाही. ते जाळतात, पुरतात, नाहीतर पाद्रीच्या हवाली करतात.

"मग कास्तोरिनोकाकांचे निरोप पुसू? तेही कमी नाहीत. की काहीतरी माझ्या कॉम्प्युटरवर काढून ठेवू?"

"म्हणजे नवऱ्याचा आवाज ऐकायला मी तुझ्या दुकानात येऊन बसू? आणि मातेला ठेवतोस होय त्या डबड्यात, जिथे तू दिवसभर काय काय बघतोस?"

विल्फ्रिदोने हळूच कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवला. बघायचा तो.

देओलिंडा तडक चर्चमध्ये गेली. पाद्री ग्रेगोरियो अंगणात तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार चहा, नळीने पीत बसले होते. तिचं गाऱ्हाणं ऐकून त्यांना हसू आलं.

"अगं, फोनातलं चित्र काही मंतरलेलं नसतं. त्याच्यावर तीर्थ कुणी शिंपडलंय?"

"तुम्हीच, फादर. मातेच्या सणाला म्हणालात, ज्याला जे मंतरून हवं ते वर धरा. मी फोन वर धरला. चांगला भिजला होता."

पाद्रींनी नळीतून लांब घोट घेतला. त्या सणाला अर्ध्या गावाने फोन वर धरले होते आणि त्यांनीही हात आखडता घेतला नव्हता. आता बोललेलं गिळायचं कसं?

"तुझ्या मनाला विचार," ते म्हणाले. अडचणीत आले की ते हेच म्हणत.

मनाने सांगितलं, देवापुढे माणसाची काय किंमत. ती दुकानात परतली आणि काउंटरवर फोन ठेवला.

"कास्तोरिनोला पूस. पण त्याआधी एक ऐकव. कुठलाही."

विल्फ्रिदोने बोट ठेवलं. इंजिनाची घरघर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग तो आवाज: "देओ, गाडी इपाकाराईला बंद पडलीय. मेकॅनिक यायचाय. तू जेवून घे, माझी वाट बघू नकोस."

देओलिंडा स्टुलावर बसली. त्या रात्री ती अर्थातच जेवली नव्हती. ताट झाकून ठेवलं होतं आणि तो आल्यावर त्यालाच चार शब्द सुनावले होते. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. विल्फ्रिदो उगाच एक स्क्रू शोधत राहिला.

"मावशी, पुसू ना?"

"मातेला पूस."

"नक्की? नंतर मला शिव्या घालाल."

"घालेन. पण पूस," तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. "ती उद्या सकाळी परत येईल. पाचच्या आधी येते. हा कुठून येणार?"